जुन्या शिकारी रायफलचा इतिहास बनवणाऱ्या पेढीमार्फत कसा शोधावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी शिकारी रायफल हाती आली की लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रं ब्रिटिश बनावटीच्या, साधारण १८५० ते १९३९ या काळातल्या रायफलींबद्दल असतात, म्हणून भर त्यांच्यावर आहे. इतर देशांच्या रायफलींसाठी थेट प्रश्न १४ आणि १५ पाहा. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एकच मुद्दा दोनदा सांगण्यापेक्षा संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नळीवर इंग्रजी नाव कोरलेलं आहे, पण साल कुठेच नाही. सुरुवात कुठून करायची?

आधी रायफल रिकामी आहे ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. ठासणीच्या रायफलीत कित्येक दशकांपूर्वी भरलेली दारू आणि गोळी तशीच राहिलेली सापडते. पेटीत जुनी काडतुसं असतील तर त्यांना हात लावू नका.

मग तेल, पॉलिश, ब्रश यातलं काहीही न वापरता फोटो काढा. साल नाही म्हणून निराश होऊ नका. ब्रिटिश पेढ्या शिकारी रायफलवर साल घालत नसत. ते असतं पेढीच्या खातेवहीत. त्या वहीपर्यंत नेणारे तीन धागे रायफलवरच असतात: सिरियल नंबर (प्रश्न २), नाव आणि पत्ता (प्रश्न ३ आणि ४), आणि चाचणीच्या खुणा (प्रश्न ५). आधी नंबर टिपा. बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण नाव हा या तिघांमधला सगळ्यात फसवा धागा आहे.

२. सिरियल नंबर नेमका कुठे असतो? मला तर चार-पाच वेगवेगळे आकडे दिसतात.

दुनळी रायफलीत पहिली जागा म्हणजे ट्रिगर गार्डची (घोड्याभोवतीच्या कडीची) मागची लांब शेपटी, जी दस्त्याच्या मुठीखाली लाकडात बसवलेली असते. तोच नंबर नळ्या उतरवल्यावर त्यांच्या सपाट तळावर, ॲक्शनवर (नळीमागचा, काडतूस कोंडून उडवणारा यंत्रभाग) आणि फोरएंडच्या (नळ्यांखालच्या पुढच्या लाकडी तुकड्याच्या) लोखंडी भागावर असायला हवा. बोल्ट ॲक्शन रायफलीत, म्हणजे हाताने दांडा मागे-पुढे सरकवून काडतूस भरायच्या रायफलीत, तो बहुधा नळीवर, ॲक्शनच्या कड्यावर किंवा ट्रिगर गार्डवर असतो. नळ्या कशा उतरवायच्या हे माहीत नसेल तर परवानाधारक बंदूक कारागिराकडून उतरवून घ्या. जबरदस्तीने फिरवलेल्या स्क्रूच्या खाचा फाटतात, आणि अस्सल, न फाटलेला स्क्रू हादेखील रायफल पूर्वी कुणी उघडली होती का याचा पुरावा असतो.

बाकीचे आकडे बहुधा असे असतात: कॅलिबर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप (४५०, ५००, ५७७), पेटंटचा क्रमांक (प्रश्न ११), दारूच्या भाराचे आकडे (प्रश्न ६), आणि जोडीतल्या रायफलीवरचा १ किंवा २. हा १ किंवा २ अनेकदा सोन्यात भरलेला, ठळक जागी असतो. तो दिसला तर दुसरी रायफल कुठेतरी आहे किंवा कधीकाळी होती, असं समजा.

नळीच्या तळावर एक-दोन इवली अक्षरंही असतात. ती नळी घडवणाऱ्या किंवा ॲक्शन कानशीने घासून बसवणाऱ्या कारागिराची आद्याक्षरं. पेढीचं नाव जगभर गेलं, या माणसाची ओळख मात्र धातूच्या पोटातच राहिली. ती अक्षरं टिपल्याशिवाय नळ्या परत चढवू नका.

३. नळीवर ज्याचं नाव, त्यानेच रायफल बनवली ना?

अनेकदा नाही. नळीवरचं नाव म्हणजे ज्याच्या दुकानातून रायफल विकली गेली तो. त्याने ती स्वतःच्या कारखान्यात घडवली असेल, अर्धवट तयार घेऊन पूर्ण केली असेल, किंवा तयार विकत घेऊन नुसतं नाव कोरून घेतलं असेल.

एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश बंदूक व्यवसाय बर्मिंगहॅमभोवती फिरत होता. तिथल्या एकाच वस्तीत नळीवाला, कुलूपवाला (गोळी उडवणारी यंत्रणा करणारा), दस्तेवाला, कोरक्या असे शेकडो स्वतंत्र कारागीर आपापल्या छोट्या जागेत एकेका भागाचं काम करत. वेब्लीसारख्या बर्मिंगहॅमच्या मोठ्या कंपनीने केलेल्या रायफली कितीतरी वेगवेगळ्या दुकानांच्या नावाने विकल्या गेल्या. लंडनच्या नामांकित पेढ्याही काही भाग, काही वेळा अख्खी रायफल, बाहेरून करून घेत. व्यवसायाची रीतच तशी होती, त्यात फसवणूक नव्हती.

दोन प्रकार वारंवार भेटतात. पहिला, 'आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी'. ही १८७१ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी काढलेली सहकारी संस्था होती. ती मुळात बंदूक बनवणारी नव्हती, पण तिच्या नावाच्या रायफली भरपूर आहेत. दुसरा, कलकत्त्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन, वॉल्टर लॉक अशा पेढ्या. त्यांच्या नावाच्या बहुतेक रायफली इंग्लंडमध्ये बनून आलेल्या असतात. अशा रायफलीवरचा नंबर कधी विक्रेत्याचा असतो, कधी कारखान्याचा, आणि दोन्ही असतील तर शोधाची खरी किल्ली कारखान्याचा नंबर असते.

रायफल बर्मिंगहॅमच्या कुणा अनामिक हातांची निघाली तर तिची किंमत कमी समजू नका. तिच्यात तेवढाच इतिहास आहे. तो फक्त एका वहीत नसून अनेक ठिकाणी विखुरलेला आहे.

४. नावाबरोबर रस्त्याचा पत्ता कोरला आहे. त्यावरून काळ कळतो का?

कळतो, आणि चांगला कळतो. पेढ्या जागा बदलत, नावात भागीदार किंवा 'अँड सन्स' जोडत, आणि कोरक्या त्या वेळचं नाव नि पत्ता कोरत असे. काही भरवशाच्या खुणा:

हॉलंड अँड हॉलंड: पेढी १८३५ ची, पण 'हॉलंड अँड हॉलंड' हे जोडनाव १८७६ पासूनचं. त्याआधीच्या कामावर 'एच. हॉलंड' असतं. ९८ न्यू बाँड स्ट्रीट हा पत्ता १९६० पर्यंत चालला, त्यानंतर ब्रूटन स्ट्रीट.

पर्डी: १८१४ ची सुरुवात, १८२६ पासून ऑक्सफर्ड स्ट्रीट, आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून साउथ ऑडली स्ट्रीट.

चार्ल्स लँकेस्टर: १५१ न्यू बाँड स्ट्रीट असेल तर १९०४ किंवा त्याआधी.

रिग्बी: मूळ डब्लिनची पेढी, १८६० च्या दशकात लंडनमध्ये दुसरं दुकान, आणि १८९७ मध्ये डब्लिनचं दुकान विकलं. दोन्ही शहरांची नावं असतील तर काळाची चौकट आपोआप आखली जाते.

आर्मी अँड नेव्ही: 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी' असेल तर १९३४ च्या आधी, 'स्टोअर्स' असेल तर त्यानंतर.

दोन पथ्यं पाळा. पेटीच्या झाकणातल्या कागदी लेबलवरचा पत्ता हा पेटीचा पुरावा आहे, रायफलचा नाही. पेट्या बदलल्या जातात, लेबलं नव्याने छापूनही चिकटवली जातात. आणि नळी बदलली असेल तर पत्ता नव्या नळीच्या काळचा असू शकतो (प्रश्न १२).

५. नळीखाली मुकुट, अक्षरं, आडव्या-तिडव्या काठ्या असे ठसे आहेत. ते काय आहेत?

ते प्रूफ हाउसचे, म्हणजे सरकारमान्य चाचणीघराचे ठसे आहेत. नेहमीपेक्षा जास्त भार टाकून नळी उडवून बघत, आणि टिकली तर ठसा मारत. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने उभं राहिलं. पेढीचं नाव खोटं कोरता येतं. चाचणीघराचा खोटा ठसा मारणं हा गुन्हा होता. म्हणून नाव आणि ठसे यांच्यात विसंगती दिसली तर माझा कल ठशांवर विश्वास ठेवण्याकडे असतो.

लंडनचे ठसे ओळखायला सोपे: मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली जी आणि पी ही अक्षरं, आणि मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचे १९०४ पूर्वीचे ठसे म्हणजे मुकुटासह दोन तिरके राजदंड आणि त्यांच्या कोनांत अक्षरं. १९०४ पासून बर्मिंगहॅमने मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही अशी अक्षरं वापरायला सुरुवात केली. त्याच साली धूररहित दारूच्या चाचणीसाठी एनपी ही अक्षरं आली. लंडनच्या एनपीवर तलवार धरलेला चिलखती हात असतो.

यावरून बरंच काही सांगता येतं. तिरके राजदंड आहेत आणि एनपी नाही, तर नळीची चाचणी बहुधा १९०४ पूर्वीची. राजदंडही आहेत आणि एनपीही, तर जुनी नळी नंतर पुन्हा चाचणीला गेली. ठशांत प्रति चौरस इंच किती टन दाब असा आकडा असेल, तर ती चाचणी १९५४ च्या नियमांनंतरची. फेरचाचणीसाठी आर अक्षराचा वेगळा ठसाही असतो.

लंडनच्या पेढीच्या नावाखाली बर्मिंगहॅमचे ठसे दिसले की लोक घाबरून लिहितात. घाबरू नका, कारण प्रश्न ३ मध्ये दिलं आहे.

ठसे पुसट असतील तर ते खरवडू नका. अंधाऱ्या खोलीत एकाच बाजूने, अगदी आडवा प्रकाश पाडून मोबाइलने फोटो काढा आणि प्रकाशाची दिशा बदलत राहा. समोरून न दिसणारा मुकुट आडव्या प्रकाशात उठून येतो. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तरी चालते.

६. नळीवर 'कॉर्डाइट ७० – ४८० मॅक्स' असं काहीसं आहे. हा कसला आकडा?

हा दारूचा आणि गोळीचा कमाल भार आहे: ७० ग्रेन (वजनाचं बारीक माप) कॉर्डाइट, म्हणजे एक धूररहित दारू, आणि ४८० ग्रेन वजनाची गोळी. हे आकडे .४५० नायट्रो एक्सप्रेसचे आहेत. हे काडतूस रिग्बीने १८९८ मध्ये आणलं, म्हणजे या ठशाची नळी त्याआधीची असू शकत नाही. ७५ आणि ५०० असेल तर .४७०, ८० आणि ५७० असेल तर .५०० नायट्रो एक्सप्रेस.

काळ्या दारूच्या रायफलींवर कॉर्डाइट हा शब्द नसतो. .५०० हे कॅलिबर दोन्ही काळांत होतं आणि दोन्ही काडतुसं बाहेरून सारखी दिसतात. काळ्या दारूसाठी केलेल्या नळीत नायट्रोचं, म्हणजे धूररहित दारूचं, काडतूस गेलं तर नळी फुटून जीव जाऊ शकतो. इतिहास शोधणं आणि रायफल चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथलं कोणतंही उत्तर रायफल चालवण्यासाठी आधार म्हणून वापरू नका.

७. पेढी अजून सुरू आहे. तिला काय लिहू?

हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्या बऱ्याच अंशी टिकल्या आहेत आणि शुल्क घेऊन नोंदीचा उतारा किंवा दाखला मिळतो. पत्र छोटं ठेवा. नंबर, नाव-पत्ता जसा कोरला आहे तसा, नळीची लांबी, कॅलिबर, ॲक्शनचा प्रकार, आणि सोबत स्पष्ट फोटो: नंबर, ठसे, नळीवरचं नाव, दोन्ही बाजू, दस्त्यावरची पट्टी (प्रश्न १०). घराण्याची दंतकथा पहिल्या पत्रात घालू नका. उतारा लिहिणाऱ्याने वहीत जे आहे तेच द्यावं, आपल्या अपेक्षेकडे झुकून नव्हे.

'सगळी माहिती द्या' असं न लिहिता नेमकं विचारा: मागणीची तारीख आणि रायफल दिल्याची तारीख वेगळी आहे का, मूळ कॅलिबर काय, नळ्यांचे किती संच, कुणाच्या नावे, आणि नंतर दुरुस्तीला परत आल्याची नोंद आहे का. शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो. खरं तर दुरुस्तीच्या नोंदीतच पुढच्या मालकाचं नाव सापडण्याची शक्यता जास्त.

८. पेढी बंद पडली आहे. वह्या गेल्याच म्हणायच्या?

लगेच तसं म्हणू नका. ब्रिटिश पेढ्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि वह्या बरोबर गेल्या. ग्रँट आणि लँग १९२५ मध्ये एकत्र आले, १९६० मध्ये ॲटकिन त्यांना जोडला गेला, आणि 'ॲटकिन, ग्रँट अँड लँग' या नावाखाली अनेक जुन्या नावांच्या नोंदी जमा झाल्या. एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीच्या वह्या त्याच शहरातल्या जॉन डिक्सनकडे आल्या. जेफ्री ही पेढी १९६० च्या सुमारास हॉलंड अँड हॉलंडने घेतली. आर्मी अँड नेव्हीच्या बंदुकांच्या नोंदी ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत.

म्हणून आधी पेढीची वंशावळ काढा: कुणी कुणाला विकत घेतलं, कोणत्या साली. शेवटच्या मालकाला विचारा, तो नाही म्हणाला तर त्या शहराच्या अभिलेखागाराला विचारा. आणि वही खरोखरच गेली असेल तर प्रश्न १८ पाहा.

९. वहीतल्या नोंदीत नक्की काय असतं?

प्रत्येक पेढीची रीत वेगळी. साधारणपणे नंबर, वर्णन ('दुनळी एक्सप्रेस रायफल, .५००'), नळीची लांबी, वजन, दारूचा भार, तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव. काही वह्यांत नळ्या जुळवून नेम बसवणाऱ्या कारागिराचं नाव असतं. दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून तो माणूस नळ्यांमधला पाचर पुन्हा पुन्हा सरकवत, झाळत, उडवून बघत असे. अशी नोंद मिळाली तर मला ती गिऱ्हाइकाच्या पदव्यांपेक्षा मोलाची वाटते.

नसतं काय? रायफलने काय केलं हे नसतं. कोणत्या जंगलात गेली, कुणाकडे वारसाने आली, कधी विकली गेली, हे वहीला ठाऊक नसतं. शिवाय नंबर आणि तारीख यांचा क्रम सरळ नसतो. नंबर काम सुरू करताना पडे. रायफल दुकानात वर्षानुवर्षं राहून मग विकली जाई. म्हणून इंटरनेटवर फिरणारे 'नंबरावरून साल' सांगणारे तक्ते अंदाजापुरतेच वापरा.

१०. गिऱ्हाइकाचं नाव मिळालं: फक्त 'कॅप्टन' आणि आडनाव. आता?

आता रायफल सोडा आणि माणसाच्या मागे लागा. लष्करी अधिकारी असेल तर 'लंडन गॅझेट'मध्ये त्याच्या नेमणुका आणि बढत्या छापलेल्या असतात, आणि वार्षिक लष्करी याद्यांत त्याची पलटण. हिंदुस्थानात नोकरी केली असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची कागदपत्रं. तारीख इथे निर्णायक ठरते. त्या साली त्या आडनावाचे कॅप्टन किती होते हे पाहायचं, आणि मग दस्त्यावरची आद्याक्षरं किंवा कुळचिन्ह जुळवायचं. दस्त्याच्या खालच्या कडेला सोन्या-चांदीची छोटी अंडाकृती पट्टी असते, तिच्यावर ते कोरलेलं असतं. एकच कुळचिन्ह अनेक घराणी वापरत, त्यामुळे केवळ चिन्हावरून माणूस ठरवू नका.

नाव माणसाचं नसून दुसऱ्या दुकानाचं किंवा मालवाहू दलालाचं निघालं, तर वही तिथे थांबते. मग फक्त रायफलवरचा मजकूर बोलतो. जिम कॉर्बेटच्या रिग्बी .२७५ रायफलीवर चांदीची पट्टी आहे: चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्युएट यांनी ती भेट दिली, असं तिच्यावर कोरलेलं आहे. कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरचं तिचं आयुष्य त्या पट्टीने सांगितलं. तुमच्या रायफलीवर पट्टी काढल्याचे नुसते स्क्रूचे खड्डे असले तरी टिपून ठेवा.

११. 'पेटंट' आणि एक आकडा आहे. त्याचा उपयोग?

रायफल कोणत्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, एवढं तो नक्की सांगतो. हेन्री जोन्सचा, खालची कळ फिरवून नळ्या पक्क्या करणारा बंद १८५९ चा, अलेक्झांडर हेन्रीची एकनळी ॲक्शन १८६५ ची, फार्कहारसनची १८७२ ची, अँसन आणि डीली यांची बॉक्सलॉक (उडवणारी यंत्रणा पोटात असलेली ॲक्शन) १८७५ ची. ब्रिटिश पेटंट त्या काळी १४ वर्षं टिके. मुदत संपल्यावर तीच रचना कुणीही करू शके, आणि लोक ती कित्येक दशकं करत राहिले. जोन्सचा बंद तर विसाव्या शतकातल्या दुनळी रायफलींवरही दिसतो. म्हणून 'पेटंट १८५९ चं, म्हणजे रायफल १८५९ ची' हा हिशोब चुकीचा आहे.

पेटंटधारकाला हक्काची रक्कम मोजता यावी म्हणून काही ॲक्शनवर वापराचा अनुक्रमांकही असतो. लोक त्याला सिरियल नंबर समजून पेढीला कळवतात आणि उत्तर येतं की अशी रायफल आमच्याकडे झालीच नाही.

१२. नळीवर एक नंबर आणि ॲक्शनवर दुसरा. रायफल जोडून बनवलेली आहे का?

तीन शक्यता आहेत. बोल्ट ॲक्शन असेल तर ॲक्शन बहुधा जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची असते. तिला माउझरचा नंबर असतो आणि ब्रिटिश पेढी आपला नंबर वेगळा घालते. हे अगदी नेहमीचं. शोध पेढीच्या नंबराने करा.

दुनळीत वेगळे नंबर असतील तर नळ्या दुसऱ्या रायफलीच्या असतील किंवा नंतर नव्या बसवल्या असतील. मूळ पेढीने नव्या नळ्या केल्या तर ती सहसा मूळ नंबरच घालते आणि वहीत तशी नोंद ठेवते.

तिसरी शक्यता जोडीची. दोन्ही रायफली एकत्र साफ करताना फोरएंड अदलाबदल झालेले असतात. जोडीतले नंबर एकापुढे एक असतात, तेव्हा नंबरात एकाचाच फरक असेल तर आधी हाच संशय घ्या.

१३. वहीत .४५० लिहिलंय, पण माझी रायफल .४७० आहे. नोंद चुकीची आहे का?

नोंद बहुधा बरोबर आहे. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचं काडतूसही .४५० व्यासाचं होतं. बंडखोरांच्या हाती गोळ्या पडू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० च्या रायफली आणि दारूगोळ्यावर बंदी आली. त्यानंतर पेढ्यांनी .४६५, .४७०, .४७५ नंबर २, .४७६ अशी नवी काडतुसं काढली, आणि आधीच्या अनेक .४५० रायफलींना नव्या व्यासाच्या नळ्या बसवल्या किंवा जुन्याच नळ्या मोठ्या केल्या.

त्यामुळे तुमच्या हातात एका सरकारी हुकुमाचा प्रत्यक्ष पुरावा असू शकतो. नळ्यांवरचे ठसे पाहा (प्रश्न ५): ॲक्शनवर जुने ठसे आणि नळ्यांवर नंतरचे असतील तर बदल केव्हा झाला हेही कळेल. अशी रायफल 'मूळ स्थितीत नाही' म्हणून कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही.

१४. नाव इंग्रजी आहे, पण ठशात अंडाकृतीत ईएलजी अशी अक्षरं आहेत.

ती बेल्जियममधल्या लिएजची खूण आहे. अंडाकृतीवर मुकुट असेल तर चाचणी १८९३ किंवा त्यानंतरची. १९२२ पासून लिएजने वर्षासाठी अक्षर मारायला सुरुवात केली.

लिएजहून दोन प्रकारचा माल येई. ब्रिटिश दुकानदारांनी उघडपणे मागवलेला, ज्यावर ब्रिटिश चाचणीचे ठसेही असतात आणि १९२५ नंतर 'नॉट इंग्लिश मेक' असंही लिहिलेलं आढळतं. आणि दुसरा, प्रसिद्ध नावांशी मिळतंजुळतं नाव कोरलेला. वेस्टली रिचर्ड्सच्या आभासासाठी 'डब्ल्यू. रिचर्ड्स' हे त्यातलं सगळ्यात परिचित उदाहरण. फक्त लिएजचे ठसे आणि लंडनच्या बड्या पेढीचं नाव एकत्र दिसलं, तर त्या पेढीला पत्र लिहिण्याआधी थांबा.

१५. रायफल जर्मन किंवा अमेरिकन असेल तर?

जर्मनीचा चाचणीचा कायदा १८९१ चा, अंमल १८९३ पासून. मुकुटाखाली बी, यू, जी ही अक्षरं, त्यातलं जी म्हणजे आतून पेचदार खाचा असलेली नळी. काही नळ्यांवर चाचणीचा महिना आणि वर्षही असतं. सूल या जर्मन शहरातल्या छोट्या कारागिरांच्या वह्या मात्र फारशा हाती लागत नाहीत, आणि माउझर कारखान्याची बहुतेक कागदपत्रं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी नष्ट झाली.

अमेरिकन रायफलींचं सोपं आहे. विंचेस्टर आणि मार्लिन यांच्या टिकलेल्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत आणि शुल्क भरून उतारा मिळतो. सगळ्या मॉडेलच्या सगळ्या नंबरांसाठी नाही, म्हणून आधी नंबराची मर्यादा विचारून घ्या.

१६. पत्र पाठवण्याआधी रायफल चकाचक करून घेऊ का?

कृपा करून नको. पॉलिशच्या चाकाखाली सगळ्यात आधी ठशांच्या कडा जातात, मग पत्त्याची बारीक अक्षरं. दस्ता घासला की कुळचिन्हाची पट्टी लाकडापेक्षा वर उठून दिसते आणि ती मुळात तिथलीच होती की नंतर बसवली, हे सांगणं अवघड होतं. गंज चालू असेल तर हलकं तेल पुसून थांबा.

१७. घरात सांगतात की ही अमुक संस्थानिकांची रायफल आहे. हे सिद्ध कसं करायचं?

सांगीव गोष्ट लिहून ठेवा: कुणी सांगितली, त्यांनी कुणाकडून ऐकली. पण ती वेगळ्या कागदावर. पुराव्याच्या कागदावर फक्त रायफल, वही आणि स्वतंत्र दस्तऐवज यांतून आलेलंच लिहा. संस्थानिकांच्या नावाने झालेल्या रायफलींवर बहुधा राजचिन्ह, संस्थानच्या शस्त्रागाराचा क्रमांक किंवा वहीत स्पष्ट नाव असतं. शस्त्रागाराचा क्रमांक म्हणजे दस्त्यावर ठोकलेला साधासा, ओबडधोबड आकडा, जो सुबक कोरीवकामाशेजारी विजोड दिसतो आणि म्हणूनच लोक तो घासून काढतात.

यातलं काहीच नसेल आणि वहीत भलत्याचंच नाव असेल तरी गोष्ट खोटी ठरत नाही. रायफल नंतर भेट गेली किंवा विकली गेली असेल. मात्र तो दुवा मिळेपर्यंत 'कुटुंबात असं सांगतात' या शब्दांपलीकडे जाऊ नका, विशेषतः विकताना.

वहीतल्या सालाचा कायद्याशीही संबंध आहे. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधीची बनावट संघीय कायद्याने पुराणवस्तू धरतात. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची बनावट आणि वापरातून गेलेलं काडतूस या दोन्ही अटी पाहतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याची सूट दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रांपुरती आहे; नुसतं वय पुरत नाही. परवान्याचा प्रश्न आधी सोडवा, मगच फोटो कुठे पाठवा.

१८. वही जळाली किंवा गहाळ झाली आहे. मग इतिहास लिहायचाच नाही?

लिहायचा, पण एका तारखेऐवजी काळाची चौकट लिहायची आणि प्रत्येक कडेला तिचं कारण द्यायचं. समजा दुनळी रायफलीवर तिरक्या राजदंडांचे ठसे आहेत, एनपी नाही, अँसन-डीली ॲक्शन आहे, कॉर्डाइटचा उल्लेख नाही. मग खालची मर्यादा १८७५ (पेटंट), वरची मर्यादा १९०४ (ठसे). दुकानाचा पत्ता त्या शहराच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत शोधला आणि दुकान तिथे १८८० च्या दशकातच होतं असं निघालं, तर चौकट दहा वर्षांवर आली. त्याच पेढीच्या, साल माहीत असलेल्या दुसऱ्या रायफली लिलावांच्या जुन्या याद्यांत शोधा. तुमच्या नंबराच्या मागे-पुढे दोन जरी सापडल्या तरी चौकट आणखी आवळते.

हे सगळं एका कागदावर लिहा: निरीक्षण, त्यावरून निघणारा निष्कर्ष, आणि तो कितपत पक्का. सोबत तारखेसह फोटो ठेवा. कागदाची एक प्रत रायफलीच्या पेटीत आणि एक पेटीबाहेर असू द्या, कारण रायफल आणि तिचे कागद बहुतेक वेळा विक्रीच्या किंवा वाटणीच्या दिवशीच एकमेकांपासून तुटतात.